रंगपंचमीची ठंडाई, ४० पेले: प्रमाण, गाळणं आणि भांगेचा प्रश्न

गच्चीवरचे_रंग:
रंगपंचमीला सोसायटीत (पुणे) घरी वाटलेली ठंडाई करायची आहे. ४० जण, त्यात दहा-बारा लहान मुलं आणि काही सत्तरीच्या पुढचे. बाटलीतलं सरबत नको आहे. प्रश्न असे:

१. ४० पेल्यांसाठी वजनात प्रमाण काय? वाट्या-चमच्यांत नको.
२. मिक्सरवर केलेली ठंडाई बहुतेक वेळा तळाशी रवाळ बसते आणि मागाहून कडवट लागते. चूक कुठे होते?
३. दोन-तीन जणांचा आग्रह आहे की एका वेगळ्या पातेल्यात भांग घालू. उत्तरेत दुकानात मिळते, म्हणजे कायदेशीरच आहे, असं त्यांचं म्हणणं. महाराष्ट्रात नेमकं काय?
४. बनारसला भांगेची ठंडाई करतात ती पद्धत तरी काय असते? करायची नसली तरी समजून घ्यायची आहे.

पाटा_वरवंटा:
पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

पेला १५० मिलीचा धरा. यापेक्षा मोठा नको, ठंडाई जड असते. म्हणजे ६ लिटर लागेल.

म्हशीचं किंवा पूर्ण सायीचं दूध ५ लिटर
बदाम २०० ग्रॅम
मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया) ९० ग्रॅम
खसखस ९० ग्रॅम
बडीशेप ६० ग्रॅम
काळी मिरी १५ ग्रॅम
वेलदोड्याचे दाणे १० ग्रॅम (सालं काढून)
गावठी गुलाबाच्या सुक्या पाकळ्या १५ ग्रॅम
केशर १ ग्रॅम
साखर ५५० ग्रॅम, चव बघून आणखी ५० ग्रॅम

उरलेला साधारण एक लिटर वाटताना घातलेल्या पाण्यातून येतो. तो वेगळा मोजत बसू नका.

आदल्या रात्री तीन भांडी भिजत घाला. एकात बदाम. दुसऱ्यात मगज आणि खसखस. तिसऱ्यात बडीशेप, मिरी आणि पाकळ्या. खसखस भिजवण्याआधी पाण्यात घोळवून वरच्यावर दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या, दोन-तीनदा. तळाशी बारीक रेती उरते. ठंडाई दाताखाली कचकचते त्यात या रेतीचा वाटा मोठा असतो आणि दोष मात्र मिक्सरला जातो. सकाळी बदामाचं पाणी टाकून द्या, सालं काढा. बडीशेप-मिरीचं पाणी मात्र टाकायचं नाही, तेच वाटायला वापरायचं.

आता रवाळपणा. सगळं एकदम मिक्सरमध्ये लोटलं की बदाम आधी वाटला जातो आणि खसखशीचे दाणे त्या लगद्यात अख्खे फिरत राहतात. म्हणून उलट्या क्रमाने जायचं. आधी खसखस-मगज, लहान भांड्यात, पातं जेमतेम बुडेल इतक्याच पाण्यात. पाणी जास्त झालं की दाणे पात्याला चुकवतात. त्याची बोटाला न जाणवणारी पेस्ट झाली की बडीशेप-मिरी-पाकळ्या, आणि शेवटी बदाम. २०-२५ सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. सलग चालवल्यावर भांडं तापतं, बदामाला तेल सुटतं आणि ते तेल नंतर दुधावर तवंग होऊन तरंगतं. पाटा असेल आणि वाटणारी दोन माणसं असतील तर प्रश्नच नाही, पण ४० जणांचं वाटण पाट्यावर म्हणजे दोन-अडीच तासांचं काम आहे.

दूध उकळून, साखर त्यात गरम असतानाच विरघळवून, पूर्ण गार करा. गार म्हणजे फ्रिजमधलं गार. कोमट दुधात वाटण घातलं तर बडीशेपेचा कच्चा, उग्र वास सुटतो आणि तो नंतर जात नाही. वाटणात आधी एक लिटर दूध घालून सारखं करा, मलमलच्या ओल्या कापडातून पिळा. चोथा पुन्हा मिक्सरमध्ये अर्धा लिटर दूध घालून फिरवा आणि परत पिळा. निम्मा स्वाद या दुसऱ्या पिळण्यात येतो, आणि घाईत नेमकं तेच टाळलं जातं. मग उरलेलं दूध, वेलदोड्याची पूड, केशर. केशर कोरड्या गरम पळीत काही सेकंद शेकून, चिमूटभर साखरेबरोबर खलून, दोन चमचे गरम दुधात वीस मिनिटं ठेवा. थेट पातेल्यात टाकलेलं केशर म्हणजे पैसे पाण्यात. नंतर तीन-चार तास फ्रिजमध्ये मुरू द्या.

कडवटपणाची कारणं चार. खवट मगज: विकत घेताना चार बिया चावून बघा, सोललेल्या असल्याने लवकर खवट होतात. एखादा कडू बदाम: सोलल्यावर शंका आली तर तुकडा चाखा. वेलदोडा सालीसकट वाटणं. आणि फुलवाल्याकडच्या हायब्रीड गुलाबाच्या पाकळ्या: त्यांना वास नसतो, चव तुरट असते आणि त्यांच्यावर औषध फवारलेलं असतं. खायच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सुक्या पाकळ्याच घ्या.

बर्फ ठंडाईत टाकू नका. पातेलं बर्फाच्या टबात ठेवा. फाल्गुनातल्या पुण्याच्या उन्हात दूध दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, म्हणून निम्मी ठंडाई फ्रिजमध्येच राहू द्या. आंबा, स्ट्रॉबेरी असलं काही मिसळायचा मोह आवरा, आंबटाने फाटते. आणि जाहीर सांगा की यात बदाम आहेत. सुक्या मेव्याची ॲलर्जी असणारं एखादं मूल असतंच.

गंगाकाठ:
चौथ्या प्रश्नाबद्दल. तिसऱ्याचं उत्तर कोणीतरी कायद्याचा माणूस देईलच.

आधी झाड समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिथे होतो. झाड एकच. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, त्यावरची राळ म्हणजे चरस, आणि पानं म्हणजे भांग. तिन्हींमध्ये नशा आणणारं द्रव्य तेच, फक्त प्रमाण वेगळं. शेंड्याच्या आणि राळेच्या मानाने पानांत ते बरंच कमी असतं.

बनारसी रीत अशी. सुकी पानं निवडायची: काड्या, देठ आणि बिया बाजूला. भिजवायची, चोळून धुवायची, हिरवट-तपकिरी पाणी टाकत राहायचं, ते निवळेपर्यंत. पिळून गोळा करायचा आणि मिरी, बडीशेप, मगज घालून सिलेवर (पाट्यावर) लोढ्याने (वरवंट्याने) घोटायचा. घोटणं हाच तिथला अभिमानाचा विषय आहे. वाटण इतकं चिकट व्हावं की लोढा उचलला तर सिल सोबत उचलली जावी, अशी जुन्या लोकांची कसोटी. मग तो गोळा ठंडाईत कालवून कापडातून गाळायचा. तिथे याला भांग 'छानना' म्हणतात आणि भांगेला लाडाने बूटी. गंगेपलीकडे जाऊन अंघोळ, कपडे धुणं, तालीम आणि बूटी असा दिवसभराचा बेत म्हणजे 'बहरी अलंग'. काशीत रंगभरी एकादशीपासून होळीचा रंग चढतो, त्यात हे सगळं येतं.

देवस्थानांशी नातंही खरं आहे. मथुरेजवळ बलदेव गावात दाऊजींना भांगेचा नैवेद्य असतो. उज्जैनला महाकालाच्या पिंडीचा भांगेने शृंगार करतात. बंगालमध्ये विजयादशमीला विसर्जनानंतर 'सिद्धी' (भांगेचं पेय) घेण्याची चाल आहे, आनंदपूर साहिबला होला मोहल्ल्यात (होळीच्या सुमाराच्या शीख उत्सवात) निहंग मंडळींची, म्हणजे शीख योद्ध्यांच्या पंथाची, भांगेची देग असते, नेपाळात पशुपतिनाथाची शिवरात्र. महाराष्ट्रात महाशिवरात्रीला कवठाची चटणी आणि उपासाचे पदार्थ, भांग जवळपास नाहीच. त्यामुळे 'आपली परंपरा आहे' हा आग्रह इथे जरा उसना वाटतो. इंदूर-उज्जैनकडच्या मराठी घरांचं वेगळं, माळव्यात ती सवय आहे.

आता वेगळ्या पातेल्याच्या बेतातली खरी अडचण. गोळ्याचं वजन सांगता येतं, ताकद सांगता येत नाही. पान कुठल्या झाडाचं, फुलोऱ्याजवळचं की खालचं, किती जुनं, किती उन्हात सुकलेलं, त्यात शेंड्याचा चुरा आला आहे का, यावर सगळं अवलंबून. तीच बोराएवढी गोळी एकदा काहीच करत नाही आणि पुढच्या वेळी आडवं करते. शिवाय द्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. ते सायीला आणि पानाच्या कणांना धरून राहतं, आणि कण तळाशी जातात. न ढवळता वाटलं की पहिल्या पेल्यात थोडं, शेवटच्या दोन-तीन पेल्यांत भरपूर.

आणि वेळ. ओढलेल्या धुराचा परिणाम मिनिटांत कळतो. पोटातून गेलेली भांग अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही चढते, जेवलेल्या माणसाला आणखी उशिरा. यकृतातून जाताना तिचं रूपांतर होऊन ती जास्त तीव्र होते. 'काही होत नाही बुवा' म्हणत घेतलेला दुसरा पेला हा बिघडलेल्या होळीचा नेहमीचा आरंभ. दोन्ही मग एकत्र चढतात आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त, उतरत नाहीत. मुरलेले लोक म्हणूनच एकदाच घेतात, दुपारी घेतात, आणि दारूबरोबर कधीच नाही.

फौजदारी_बाजू:
'दुकानात मिळते म्हणजे कायदेशीर' हे अर्धसत्य आहे, आणि सोसायटीच्या कार्यक्रमात ते महागात पडू शकतं.

केंद्राचा अमली पदार्थांचा कायदा (एनडीपीएस, १९८५) १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. त्यात चरस आणि गांजा यांची व्याख्या आहे. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया व्याख्येतून वगळल्या आहेत. हा फरक १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आला. त्या करारातही पानं-बिया बाहेर होत्या आणि जुन्या वापरासाठी २५ वर्षांची मुदत होती. त्याआधी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने (१८९३-९४) ११९३ साक्षी नोंदवून संपूर्ण बंदीची गरज नाही, असा निष्कर्ष काढला होता. एवढा इतिहास पुरे.

केंद्राच्या कायद्यातून पान सुटलं म्हणजे ते मोकळं झालं असं नाही. ते राज्यांच्या अबकारी कायद्यांत गेलं. उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश इथे अबकारी खात्याच्या परवान्याची दुकानं आहेत; बनारस, जैसलमेरला पाट्या दिसतात त्या या. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा, १९४९ लागू होतो. त्यातल्या मादक पदार्थांत भांग येते, आणि विनापरवाना बाळगणं, वाहतूक, विक्री, सेवन हे सगळं गुन्ह्यात मोडतं. बनारसच्या दुकानाची पावती पुण्यात कामाची नाही. परवाना त्या राज्यापुरता असतो, आणि रेल्वेतून आणणं ही वाहतूक झाली.

कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका जामीन अर्जात भांग एनडीपीएसखाली येत नाही असं म्हटलं, तो मजकूर दर होळीला फिरत असतो. तो केंद्रीय कायद्यापुरता आहे. महाराष्ट्राचा १९४९ चा कायदा त्याने बाजूला पडत नाही.

आणखी दोन गोष्टी. आणलेल्या मालात शेंड्याचा चुरा निघाला तर तो 'भांग' राहत नाही, गांजा ठरतो आणि प्रकरण एनडीपीएसमध्ये जातं. पुडीवर काय लिहिलं आहे याला अर्थ नाही, प्रयोगशाळेचा अहवाल बघतात. दुसरं, कोणाला न सांगता पाजणं ही थट्टा समजली जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ मध्ये इजा व्हावी म्हणून, किंवा होईल हे माहीत असताना, गुंगी आणणारा पदार्थ देण्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पिऊन गाडी चालवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहेच. ते फक्त दारूपुरतं नाही.

गच्चीवरचे_रंग:
सगळ्यांचे आभार. वेगळं पातेलं रद्द. पण एक युक्तिवाद अजून चालू आहे: भांग 'शोधित' असेल, म्हणजे चार-पाच पाण्यांतून धुतली तर नशा निघून जाते आणि फक्त औषधी गुण उरतात, आयुर्वेदातही तेच सांगितलंय, असं. यात तथ्य आहे का? आणि पानटपरीवर 'आयुर्वेदिक' म्हणून गोळ्या मिळतात त्या?

काढा_आणि_चाटण:
तथ्य नाही. वर गंगाकाठ यांनी कारण लिहिलंच आहे: नशेचं द्रव्य पाण्यात विरघळत नाही. धुण्याने माती, रंग, तुरटपणा आणि काही कडू अंश जातात. चव सुधारते, नशा राहते.

शोधनाच्या रीती ग्रंथांत एकाहून अधिक आहेत. एक, पानांची पुरचुंडी बांधून दोलायंत्रात, म्हणजे भांड्यात आडव्या काठीला टांगून, गाईच्या दुधात सुमारे तीन तास शिजवणं, मग धुऊन सुकवून गाईच्या तुपात परतणं. दुसरी, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन, सुकवून तुपात परतणं. तिसरीत बाभळीच्या सालीचा काढा वापरतात. आता दूध आणि तूप दोन्ही स्निग्ध. दुधात शिजवताना काही द्रव्य दुधात उतरतं आणि ते दूध टाकायचं असतं, तेवढी तीव्रता कमी होते. पण उष्णतेचा दुसरा परिणामही असतो. ताज्या पानात हे द्रव्य बरंचसं निष्क्रिय आम्लाच्या रूपात असतं. उष्णतेने आणि दीर्घ साठवणुकीने ते सक्रिय होतं. म्हणजे परतल्यावर उरलेलं कामाला लागतं. शोधनाचा हेतू द्रव्य औषधात घालण्याजोगं करणं हा आहे, ते निर्मद करणं हा नाही. शार्ङ्गधरसंहितेत भांगेचं उदाहरण 'व्यवायी' द्रव्यासाठी दिलं आहे: पचायच्या आधीच शरीरभर पसरणारं. ज्यांनी हे लिहिलं त्यांना तिच्या गुणाबद्दल भ्रम नव्हता.

जातिफलादि चूर्णासारख्या कल्पांत भांग असते, ग्रहणी-अतिसारात (पचनाच्या तक्रारी, जुलाब) वैद्य ते देतात, आणि औषधविषयक नियमांच्या अनुसूची ई (१) मधल्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांगेचं नाव आहे, बिया वगळून. अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं असं छापणं बंधनकारक आहे. टपरीवरच्या गोळ्यांची जात हीच. वेष्टनावर 'आयुर्वेदिक' असणं म्हणजे गंमत म्हणून चघळायला हरकत नाही असा अर्थ होत नाही, आणि एका गोळीत किती द्रव्य आहे ते बहुधा लिहिलेलं नसतं.

हे तुम्ही विचारलं नाही, पण रंगपंचमीला कामाला येईल. कोणी बाहेरून घेऊन आला आणि बिघडला तर:

चिंचेचं पाणी, लिंबू, लोणचं, तुरीच्या डाळीचं पाणी, तूप. यातलं काहीही उतारा नाही. पाणी पाजायला हरकत नाही, पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात काही ओतू नका आणि बोटं घालून उलटी काढू नका. उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका भांगेपेक्षा मोठा आहे. शांत, सावलीच्या खोलीत नेऊन बसवा. झोप येत असेल तर कुशीवर. सोबत एक जण हवाच, आणि त्याने 'उतरेल, वेळ लागेल' एवढंच सांगत राहायचं. छातीत धडधड, तोंड कोरडं पडणं, वेळ थांबल्यासारखी वाटणं, भीती, हसू न आवरणं हे अपेक्षित आहे.

१०८ ला फोन करायचा तो असा: माणूस हाक मारून उठत नाही, छातीत दुखतं, झटका आला, उलट्या थांबत नाहीत, किंवा घेणारा लहान मूल, गरोदर बाई, हृदयरोगी यांपैकी आहे. लहान मुलाने चुकून घोट घेतला असेल तर लक्षणांची वाट बघायची नाही, सरळ रुग्णालय. डॉक्टरांना भांग म्हणून स्पष्ट सांगा. लपवल्यावर नको त्या तपासण्यांत वेळ जातो.

बाहुल्या मोठ्या झालेल्या, कातडी कोरडी आणि तापलेली, माणूस नसलेल्या गोष्टी हवेत पकडतोय, असं दिसलं तर धोतऱ्याची शंका घ्या. ताकद वाढवायला धोतऱ्याचं बी घालणारे महाभाग आहेत. हे भांगेचं चढणं नाही, ही विषबाधा आहे. तसाच दुसरा प्रकार म्हणजे घोटताना तांब्याचा पैसा घासणं. त्याने 'कडक' होते म्हणतात. होतं ते पोटात तांबं जाऊन मळमळ आणि उलट्या.

डोंगरवाटा:
नशेचा भाग बाजूला ठेवून या झाडाचं काही खायचंच असेल तर कुमाऊँकडे बघा. उत्तराखंडात भांगेच्या बिया हा रोजचा मसाला आहे आणि बियांत नशा नसते. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने बिया, बियांचं तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केलं. नशेच्या द्रव्याची मर्यादा बियांत किलोला ५ मिलिग्रॅम, तेलात १०. पेरणीला मात्र ही परवानगी लागू नाही. उरलेल्या बिया कुंडीत टोचू नका.

चटणी: बिया १०० ग्रॅम निवडून, धुऊन, पूर्ण सुकवून घ्या. मंद आचेवर लोखंडी कढईत तीन-चार मिनिटं, तडतडायला लागेपर्यंत. तिथेच उतरवायच्या, आणखी मिनिटभर ठेवल्या तर तेल करपतं आणि चटणी कडू. चमचाभर जिरं आणि तीन-चार सुक्या मिरच्या वेगळ्या भाजा. आधी बिया कोरड्याच वाटा, मग जिरं, मिरच्या, मीठ, मूठभर कोथिंबीर-पुदिना, आणि दोन लिंबांचा रस. तिकडे डोंगरी मोठं लिंबू वापरतात. फोलपट जाड असल्याने कचकच राहते. ती नको असेल तर बिया पाण्यात वाटून गाळा आणि ते 'दूध' वापरा. हेच दूध गडेरीच्या (अळकुड्यांच्या जातीतला कंद) रश्श्यात घालतात. आलू के गुटके आणि ही चटणी म्हणजे रंग खेळून आल्यावरची उत्तम न्याहारी.

घेताना एक बघा: भंगजीर नावाने मिळतं ते वेगळं झाड आहे, तुळशीच्या कुळातलं. चटणी त्याचीही होते, पण चव वेगळी. सोललेल्या पांढऱ्या बिया या कृतीला नकोत, भाजल्या की खवट होतात. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंनी बियासुद्धा टाळाव्यात. फोलपटाला राळेचा अंश चिकटलेला असू शकतो.

आखातातला_मावळा:
परदेशातल्यांसाठी. वरच्या यादीतली खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये चालत नाही. सामानात सापडली तर अमली पदार्थांचं प्रकरण होतं. घरून येताना ठंडाईचा तयार मसाला आणू नका, त्यात खसखस असतेच. भांगेच्या बियांची चटणीही नको. @पाटा_वरवंटा, खसखशीऐवजी काय घालावं?

पाटा_वरवंटा:
९० ग्रॅमच्या जागी मगज ५० आणि काजू ४० ग्रॅम. काजू तासभरच भिजवा, रात्रभर ठेवले तर ठंडाई चिकट होते. खसखशीचा दाटपणा येतो, तो खास मातकट गोडवा येत नाही. त्यासाठी बडीशेप दहा ग्रॅम वाढवा.

धागाकर्त्यांना एक सूचना. पिस्ते घालून हिरवी केलेली ठंडाई ठेवू नका. रंग बघून निम्मे लोक 'हीच ती' समजतात आणि मग न प्यायलेल्या भांगेने झुलणारे दोघे-तिघे निघतात, तर ज्येष्ठ मंडळी हातच लावत नाहीत. केशराचा पिवळा रंग ठेवा.

दोनदा पिळलेला चोथा साधारण पाव किलोच्या पुढे निघेल. टाकू नका. तुपावर मंद परतून, कोरडा झाला की गूळ आणि थोडी कणीक भाजून लाडू वळा. किंवा त्याच दिवशी कांदा-टोमॅटोच्या रश्श्याला दाटपणा आणायला वापरा, मिरी आधीच आहे म्हणून तिखट कमी. चोथ्यात दुधाचा अंश असतो, त्यामुळे फ्रिजमध्ये एक दिवस, त्यापुढे आंबूस वास येतो.